मातीचा तास

गणेशोत्सव आटोपतो, परगावी आणि परदेशी जावयाच्या मूर्ती केव्हाच रवाना झालेल्या असतात, देण्याघेण्याचे हिशेब मिटत येतात आणि मग पेण शहरातील, तसेच हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या आसपासच्या गावांतील गणपतीच्या कारखान्यांना थोड्या दिवसांची जी उसंत लाभते, त्या उसंतीशी या लेखाचा निकट संबंध आहे. ज्या तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी माणसे मातीला आकार देत आली, त्याच तालुक्यात बोलता न येणारी, हात हवा तसा न वळणारी, अंकलिपीतील अक्षर वर्षभर गिरवूनही न उमटणारी मुले आहेत. आणि या दोहोंची गाठ पडावी, ती एखाद्या समारंभापुरती न पडता आठवड्याच्या नेमल्या वारी, नेमल्या वेळी पडावी, एवढीच या लेखामागची तळमळ आहे.

पेणच्या मूर्तिकाराचे काम ज्याने जवळून पाहिले आहे त्याला ठाऊक असते, की या कलेत घाईला थारा नाही. भावनगरकडून येणारी शाडूची माती भिजवून मळावी, साच्याच्या भागांत दाबून बसवावी, भाग जुळवून सांधे ओल्या बोटाने पुसून घ्यावेत, मूर्ती सावलीत सुकू द्यावी, मग पांढऱ्या रंगाचा हात, मग अंगरंग, मग पीतांबर आणि दागिने, आणि सरतेशेवटी कारखान्यातील सर्वांत मुरलेल्या हाताने करावयाची डोळ्यांची आखणी, असा हा क्रम आहे. वस्तू आपल्या वेळेने सुकते, आपण तिच्यावर जबरदस्ती करू शकत नाही, हे ज्ञान या कारागिरांच्या अंगी इतके भिनलेले असते की ते बोलून दाखविण्याची त्यांस गरज भासत नाही. विशेष मुलांच्या शिक्षणाला ज्या एका गुणाची सर्वाधिक आवश्यकता आहे तो हाच गुण होय.

रायगड जिल्ह्यात अशा मुलांसाठी काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पेणमध्ये सुहित जीवन ट्रस्टची ‘सुमंगल’ शाळा आणि ‘आई डे केअर’ या संस्था विशेष मुलांसाठी काम करीत आहेत. पनवेल तालुक्यात खारघर येथे बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रातील केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संस्थेचे विभागीय केंद्र आहे. आणि जी मुले गावच्या नेहमीच्याच शाळेच्या पटावर आहेत त्यांच्यापर्यंत तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून विशेष शिक्षक जात असतात. तथापि विशेष शाळेचे वेळापत्रक समोर ठेवून पाहावे. दात घासणे, बटण लावणे, शौचाची सवय, वाचाउपचार, भौतिकोपचार, अक्षर-अंक यांत शिक्षिकांचा आणि मावशींचा दिवस अक्षरशः संपून जातो. चित्रकला, संगीत, नाट्य, मूर्तिकला यांचे रीतसर शिक्षण घेतलेला माणूस तेथे क्वचितच आढळतो. वर्गशिक्षिकाच जमेल तसा कागद आणि रंग पुढे करते. ही उणीव केवळ सरकारी मंजुरीने भरून निघेल याची वाट पाहत बसलो तर आज दहा वर्षांचे असलेले मूल त्या मंजुरीपूर्वी प्रौढ झालेले असेल. म्हणून ज्याच्या हाती कला आहे त्याने स्वतः होऊन तेथे रुजू होणे, हाच आज हाताशी असलेला उपाय आहे.

एका वर्गात पाहिलेला मातीचा तास येथे थोडा विस्ताराने सांगतो. मेंदूच्या पक्षाघातामुळे हाताची मूठ सदैव आवळलेली असा बारा-तेरा वर्षांचा मुलगा चाकाच्या खुर्चीत, तिच्या पुढच्या फळीवर मातीचा गोळा, आणि समोर गणपतीच्या कारखान्यात उभी हयात गेलेला एक मूर्तिकार. मुलाची मूठ सोडवून त्याच्या बोटांना वळण लावावे या सद्हेतूने मूर्तिकार पुढे सरसावला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या शिक्षिका ताई हलक्या आवाजात म्हणाल्या, “दादा, त्याचा हात धरू नका, त्याच्या हाताखाली आपला हात ठेवा.” मूर्तिकाराने तसे केले. मुलाचा हात वर, त्याचा खाली, आणि त्याच्याही खाली माती. आता हालचालीची सुरुवात मुलाच्या इच्छेने होऊ लागली आणि मूर्तिकाराचा हात केवळ सोबतीला राहिला. थोड्याच वेळात त्याच्या ध्यानी आले, की मूर्तीसाठी म्हणून जी घट्ट माती त्याने मळून आणली होती ती या मुलाच्या जोराला दाद देत नाही. त्याने न बोलता पाण्याचा हात घेतला, माती सैल केली आणि पुन्हा पुढे ठेवली. या वेळी मुठीची चार उंच-सखल हाडे मातीत स्वच्छ उमटली. मुलाने ती खूण पाहिली, मग मूर्तिकाराकडे पाहिले, आणि गोळा फिरवून दुसऱ्या बाजूस त्याने पुन्हा मूठ दाबली. मूर्तिकार तो गोळा घरी घेऊन गेला आणि आपल्या मूर्ती जशा सावलीत सुकवतो तसाच तो सुकवून पुढच्या आठवड्यात त्याने परत आणला.

त्याच वर्गातील एक स्वमग्न मुलगी ओल्या मातीचा स्पर्श होताच हात झटकून दूर पळत असे. तिच्यासाठी ताईंनी माती प्रथम प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून दिली, म्हणजे दाबता येते पण हाताला लागत नाही. पुढे कोरडी, भुरभुरीत माती. आणि कित्येक आठवड्यांनंतर, तेही एकाच बोटाने, ओली. ज्यांना या क्षेत्राचा परिचय नाही त्यांना हा विलंब निष्फळ वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः शिक्षण येथेच चालू असते. ब्रशाच्या दांडीला जुने फडके गुंडाळून ती जाड केली म्हणजे पकड न साधणाऱ्या मुलाला ब्रश धरता येतो. कागदाचे चारही कोपरे चिकटपट्टीने टेबलाला बसवले म्हणजे तो सरकत नाही. दृष्टिहीन मुलासाठी रेषेच्या जागी डिंकाने दोरा चिकटवला म्हणजे ते मूल आपली रेषा बोटाने वाचू शकते. आणि दहा रंगांच्या डबीऐवजी दोनच वाट्या पुढे ठेवून ‘यातला कोणता?’ असे विचारले म्हणजे ज्याने आयुष्यात कधी निवड केली नाही तो पहिली निवड करतो. या गोष्टींना खर्च म्हणावा असा खर्च नाही. त्या ठाऊक असाव्या लागतात, आणि त्या ठाऊक होण्यासाठी कलावंताने आरंभीचे काही दिवस विशेष शिक्षिकेचा विद्यार्थी होऊन राहावे लागते.

महाराष्ट्राला ही वाट अपरिचित नाही. ज्या १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर झाले, तेच वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले, आणि त्याच सुमारास मुंबईत कांचन सोनटक्के यांनी ‘नाट्यशाला’ या संस्थेचे कार्य आरंभले. दृष्टिहीन, कर्णबधिर, अस्थिव्यंग आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी नाटक हे शिक्षणाचे साधन म्हणून वापरायचे हा त्या कार्याचा गाभा. नाटकाची निवड या कामी निर्णायक ठरते, कारण प्रत्येक अक्षमतेची रंगभूमीकडे पाहण्याची वाट निराळी असते. कर्णबधिर मुलांची हालचाल आणि मुद्रा बोलक्या असतात, पण त्यांना प्रवेशाची सूचना डोळ्यांना दिसेल अशी द्यावी लागते. दृष्टिहीन मुलांचा आवाज आणि पाठांतर पक्के असते, पण रंगमंचाची कड त्यांच्या पायांना कळावी लागते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला लांब संवाद पेलत नाही, मात्र एकदा अंगवळणी पडलेली कृती तो अत्यंत निष्ठेने पार पाडतो. पुढे राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाने दिव्यांग बालनाट्य स्पर्धा सुरू केली, त्यामागे अशा दीर्घ खटाटोपाची पुण्याई आहे असे मी मानतो.

नाट्यदिग्दर्शक स्वागत थोरात यांचे उदाहरण याहून अधिक विचार करायला लावणारे आहे. त्यांनी ‘स्वातंत्र्याची यशोगाथा’ या नाटकात ८८ दृष्टिहीन कलाकारांना रंगमंचावर उभे केले, पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ ४४ दृष्टिहीन कलाकारांकडून करवून घेतले. आणि पुढे ‘अपूर्व मेघदूत’ हे नाटक १९ दृष्टिहीन कलाकारांना घेऊन सादर केले. अठ्ठ्याऐंशी माणसांनी, एकमेकांना न पाहता, एकाच वेळी रंगमंचावर वावरायचे म्हणजे काय, याची कल्पना डोळस नटालाही करता येणार नाही. पावले मोजून जागा निश्चित करावयाची, ध्वनीच्या दिशेवरून समोरचा पात्रधारी कोठे उभा आहे हे ताडायचे, वळण किती अंशांचे घ्यायचे ते अंगात मुरवायचे, आणि हे सारे इतके घोटायचे की प्रयोगाच्या वेळी प्रेक्षकाला त्या कष्टाची जाणीवही होऊ नये. ‘बिचारे आंधळे असून किती छान करतात’ अशी सवलत तेथे कोणी मागितलेली नाही. याच सहवासातून थोरातांना दृष्टिहीनांच्या वाचनाची भूक दिसली आणि १५ फेब्रुवारी २००८ पासून त्यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. कला द्यावयास गेलेला माणूस स्वतः कसा पालटतो, याचे याहून ठळक प्रमाण मला माहीत नाही.

पाश्चात्त्य जगातील दोन दाखले येथे उपयोगी पडतील. व्हिएन्ना येथील अंधशाळेत व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने दृष्टिहीन मुलांच्या हाती माती दिली आणि त्यांनी घडविलेल्या मुखवट्यांतून व आकृतींतून त्याला असे प्रतीत झाले, की माणूस केवळ डोळ्यांनी पाहिलेल्या आकाराचीच निर्मिती करतो असे नाही, तर शरीराच्या आतून जाणवलेल्या ताणाचीही करतो. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने जगभरच्या बालचित्रकलेच्या अध्यापनाला वळण दिले. दुसरा दाखला अमेरिकेतील ज्युडिथ स्कॉट या स्त्रीचा. १९४३ मध्ये डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेल्या आणि ऐकू न येणाऱ्या ज्युडिथच्या आयुष्यातील सुमारे पस्तीस वर्षे संस्थांच्या बंदिस्त भिंतींआड गेली. तिला ऐकू येत नाही ही गोष्टदेखील अनेक वर्षे कोणाच्या ध्यानी आली नव्हती. जुळ्या बहिणीने तिला स्वतःकडे आणून १९८७ मध्ये ओकलंड येथील ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ या कलाकेंद्रात दाखल केले. तेथे सुमारे दोन वर्षे तिने चित्रकलेत म्हणावा असा रस दाखवला नाही. मग सिल्व्हिया सेव्हन्टी ही तंतुकलेतील कलावती पाहुणी म्हणून वर्ग घ्यावयास आली. तिच्या वर्गात ज्युडिथने काड्या आणि सूत हाती घेतले, ती त्या काड्यांना सूत गुंडाळू लागली, आणि २००५ मध्ये निधन होईपर्यंत थांबली नाही. तिच्या त्या गूढ, गुंडाळलेल्या आकृती आज थोर कलासंग्रहालयांत आहेत. या कथेत मला पाहुण्या कलावतीइतकेच महत्त्व त्या दोन वर्षांचे वाटते, कारण तेवढा काळ कोणीही तिला ‘हिला काही जमत नाही’ असा शेरा मारून बाहेर काढले नाही.

हे सांगून झाल्यावर एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. ३ डिसेंबरचा जागतिक अपंग दिन जवळ आला म्हणजे ठिकठिकाणच्या विशेष शाळांत पाहुण्यांची रीघ लागते. रंगपेट्या वाटल्या जातात, खाऊ दिला जातो, मुलांच्या खांद्यावर हात ठेवून छायाचित्रे काढली जातात, आणि चार घटकांत सारे आपापल्या वाहनांत बसून निघून जातात. हेतू वाईट असतो असे मी म्हणत नाही. परंतु ज्या मुलाला नवा चेहरा ओळखीचा व्हायला महिना लागतो त्याच्या दृष्टीने असा पाहुणा आला आणि न आला सारखाच. किंबहुना, आलेला माणूस परत येत नसतो, हा धडा मात्र ते मूल शिकते. तितकीच क्लेशकारक प्रथा प्रदर्शनांची आहे. मोठ्यांनी आखून दिलेल्या रेषांत मुलाकडून रंग भरून घ्यायचा, रेषेबाहेर गेलेला भाग शिक्षकाने पांढऱ्या रंगाने झाकायचा, आणि पणतीची कड मुलाच्या अंगठ्याने वाकडी झाली तर ती रात्री बसून सरळ करायची, यातून विकाऊ वस्तू तयार होत असेल. मुलाची निर्मिती मात्र पुसली जाते. अठरा वर्षांवरील मुलांच्या कार्यशाळांतून दिवाळीच्या सुमारास पणत्या, उटणे, आकाशकंदील, कागदी पिशव्या विक्रीस येतात आणि त्या अवश्य घ्याव्यात. पण घेताना वाकड्या कडेची पणती बाजूला सारू नये.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या या पट्ट्यात कलेचा दुष्काळ कधीच नव्हता. पेणची मूर्तिकला आहेच. शिवाय शिमग्यात आणि लग्नकार्यात घुमणारा खालूबाजा आहे, जाखडीचा नाच आहे, कोळीवाड्यांतील गाणी आणि नृत्य आहेत, गावोगावची भजनी मंडळे आहेत. ढोलाचा ठोका कानांनी ऐकू येत नसला तरी लाकडी फळीवर अनवाणी उभे राहिल्यास तळपायांना, पोटऱ्यांना, छातीला तो कळतो. स्कॉटलंडची एव्हलिन ग्लेनी ही बालपणीच श्रवणशक्ती गमावलेली वादक अनवाणी पायांनी मंचावर उभी राहून तालवाद्ये वाजवते आणि जगभर तिचे कार्यक्रम होतात. खालूबाजाचा ढोल वाजवणाऱ्या एखाद्या तरुणाने कर्णबधिर मुलांच्या शाळेत आठवड्यातून एकदा ढोल नेला तर काय घडेल, याचा प्रयोग करून पाहण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही, मुख्याध्यापकांच्या होकाराखेरीज. जाखडीचा गोल फेर, तेच पाऊल पुन्हा पुन्हा, तोच ठेका, ही रचनाच अशी आहे की ज्याला लांबलचक सूचना कळत नाहीत तो शेजाऱ्याकडे पाहून फेरात सामील होऊ शकतो. आपल्या पूर्वजांनी ती रचना या मुलांसाठी केली नसेल, पण ती त्यांना चपखल बसते.

याशिवाय गेल्या काही दशकांत मुंबईचे अनेक चित्रकार, रचनाकार आणि वास्तुशास्त्रज्ञ अलिबाग तालुक्यात येऊन राहिले आहेत. बामणसुरे येथे दशरथ पटेल यांच्या कलाकृतींचे संग्रहालय आहे. रांजणपाड्याला कलादालन आहे. आणि २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह जाणाऱ्या जहाजाची सोय झाल्यामुळे मुंबईच्या कलावंताला सकाळी निघून दुपारचा वर्ग घेऊन संध्याकाळी घरी परतणे अशक्य राहिलेले नाही. या मंडळींनी येथे घरे बांधली, येथील समुद्र आणि नारळी-पोफळी चित्रांत आणली. येथील मुलांसाठी आठवड्याचा एक तास दिला तर ते या भूमीचे देणे फेडल्यासारखे होईल.

शासनाची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीस केले, आणि त्याच अधिनियमाच्या २९ व्या कलमात सांस्कृतिक जीवनाचा हक्क, कलाविषयांच्या अभ्यासक्रमांची दिव्यांगांना सहभागी होता येईल अशी फेररचना, कलावंतांना साहाय्य अशा तरतुदी स्पष्ट शब्दांत नमूद आहेत. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन करण्याचे पाऊल उचलले. तेव्हा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाने तालुकावार कलावंतांची एक नोंदवही ठेवावी, त्यांच्या जाण्या-येण्याचा आणि मातीरंगांचा खर्च सोसावा, ही मागणी अवाजवी नाही. कारखान्यातील कारागिराचा दिवस मजुरीवर चालतो. त्याच्या सेवाभावाचे कौतुक करून त्याला पदरमोड करावयास लावणे मला प्रशस्त वाटत नाही.

जाणाऱ्यानेही काही पथ्ये पाळावीत. मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत बसू नये; वर्गात शिक्षिका किंवा मावशी असावीच, आणि शाळेने ओळखीचे कागदपत्र व पडताळणी मागितली तर त्यात अपमान मानू नये. कोणत्या मुलाला फिट येते, कोणते मूल हातातील वस्तू तोंडात घालते, कोणाला मोठ्या आवाजाचा त्रास होतो हे आधी विचारून घ्यावे. रंग बिनविषारी असावेत. पालकांच्या संमतीवाचून मुलाचे छायाचित्र कोठेही प्रसिद्ध करू नये. आणि जेवढे निभेल तेवढेच वचन द्यावे. दर आठवड्याचे कबूल करून दोनदा जाण्यापेक्षा महिन्यातून एकदाच, पण न चुकता, वर्षभर जाणे श्रेयस्कर.

या मुलांच्या आयांशी बोलताना एक गोष्ट वारंवार ऐकू येते. मूल जन्मल्यापासून दवाखाना, दाखला, ओळखपत्र, पुन्हा दवाखाना, अशा ज्या ज्या कचेरीत आणि खोलीत त्या जातात तेथे मुलाला काय येत नाही याचीच नोंद होते. टक्केवारीच्या दाखल्यावर अक्षमतेचा आकडा असतो, क्षमतेचा रकाना नसतो. घरच्या भिंतीवर खिळा ठोकून लावता येईल असे, मुलाने स्वतः केलेले काही, हातात घेऊन शाळेबाहेर पडणाऱ्या आईचे समाधान या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. मुठीची खूण उमटलेला तो मातीचा गोळा ज्या घरी गेला तेथे तो देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात ठेवला आहे, असे ताईंनी सांगितले.

दिवाळीची सुट्टी संपताच शाळांचे दुसरे सत्र सुरू होते, ते एप्रिलपर्यंत चालते. पेण, अलिबाग, मुरूड, रोहे, म्हसळे, श्रीवर्धन येथील ज्या वाचकाच्या हाती ब्रश, ढोल, पेटी, माती वा नुसते गोड गाणे असेल, त्याने आपल्या जवळच्या विशेष शाळेच्या मुख्याध्यापकांना, आणि तशी शाळा जवळ नसेल तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना, सत्राच्या पहिल्याच आठवड्यात भेटावे, त्यांच्या वेळापत्रकात कोणता तास मोकळा आहे ते विचारावे, आणि त्या तासापुढे आपले नाव लिहून यावे.